परदेशी बैलाची तेरवी

शिक्षिकेच्या नोकरीसाठी पवनीला आले तेव्हा मला दोन मुलाखती द्याव्या लागल्या. पहिली शाळेत, संस्थेच्या लोकांपुढे. ती चहा येईपर्यंत आटोपली. दुसरी गोठ्यात, बैलांपुढे. ती फार अवघड गेली.

मी खोली बघायला गेले होते. वैनगंगेच्या घाटाकडे उतरणाऱ्या बोळात घर, दारात एक उघडाबंब, झुपकेदार मिशांचा माणूस. त्याने ना माझं नाव विचारलं, ना गाव, ना आडनाव. "ये," म्हणाला आणि थेट गोठ्यात घेऊन गेला. तिथे दोन पांढरे बैल रवंथ करत उभे होते.

"हे थोरले, हे धाकले. उभी राय त्याईच्या समोर."

मी अमरावतीची, शहरात वाढलेली. बैल पाहिले होते ते पोळ्याच्या दिवशी, तेही गच्चीवरून. थोरल्यांनी माझा वास घेतला, विचार केला आणि माझ्या नव्याकोऱ्या ओढणीचं टोक तोंडात घेऊन शांतपणे चघळायला लागले. मी किंचाळले. तो माणूस मात्र टाळ्या पिटत नाचायचा बाकी राहिला.

"पास! आवडली त्याईले! सामान कवा आनतेस, मॅडम?"

ओढणी गेली, खोली मिळाली. माझ्याआधी आलेल्या एका वकिलाकडे थोरल्यांनी म्हणे पाठ फिरवली होती. पुढे त्याच वकिलाने दुसरीकडे खोली घेऊन तिथल्या मालकाला कोर्टात खेचलं. ही गोष्ट आमचे घरमालक येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगत आणि शेवटी विचारत, "मंग? कोन हुशार?"

सगळा मोहल्ला त्यांना काकाजी म्हणायचा, म्हणून मीही म्हणायला लागले. माणसांशी बोलताना त्यांच्या तोंडी 'तू'शिवाय शब्द नसे. मी 'मॅडम, तू'. पीक पाहणीला आलेले साहेबही 'साहेब, तू'. पण त्याच दमात बैलांकडे वळून म्हणायचे, "तुमी जरा सरकता का? साहेबाले जागा पायजे." आलेला साहेब बिचारा अवघडून स्वतःच सरकायचा.

त्यांच्याकडे एक खटारा मोपेड होती. अड्याळ रस्त्यावरच्या शेताकडे ते तिच्यावरून जात. पण रस्त्यात पुढे बैलगाडी लागली की संपलं. बैलांना मागे टाकून पुढे जाणं म्हणजे बेअदबी, असा त्यांचा कायदा होता. मग बैलगाडी पुढे आणि तिच्यामागे फट्-फट् करत, पाय जमिनीला घासत काकाजी, अशी मिरवणूक निघायची. मी एकदा घाईत असताना त्यांच्या मागे बसायची चूक केली. त्या दिवशी शाळेची प्रार्थना चुकली, पहिला तास चुकला आणि मुख्याध्यापकांना कारण काय सांगावं हेही सुचलं नाही.

आणखी एक वेड होतं. आलेलं भांडं रिकामं परत पाठवायचं नाही. ते तसं सगळ्याच घरांत पाळतात. चिमूटभर साखर, दोन लिंबं, काहीतरी घालून देतात. काकाजींना 'काहीतरी' मंजूर नव्हतं. दिलेल्याच्या तोडीचं किंवा त्याहून भारी गेलं पाहिजे. माझ्या आईने एकदा अमरावतीहून लाडवांचा डबा पाठवला. मी सुट्टीत घरी निघाले तेव्हा काकाजींनी तो डबा फडक्याने घट्ट बांधून माझ्या हातात दिला. एसटीत, भंडारा यायच्या जरा आधी, फडकं आपोआप हलायला लागलं. बांधातले जिवंत खेकडे होते! पुढच्या सीटवरच्या बाई पाय वर घेऊन बसल्या, कंडक्टरने गाडी थांबवली आणि अर्धी बस खाली वाकून खेकडे शोधायला लागली. आईला शेवटी दोन मिळाले. ती म्हणाली, तुझे घरमालक माणूस चांगले दिसतात, पण डबा परत नेऊ नकोस.

काकूंबद्दल मात्र सांगण्यासारखं फार नाही, कारण त्या बोलतच नसत. मूलबाळ नव्हतं. दोघंच. काकाजी दिवसभर बडबडत आणि काकू दिवसभर 'हं' म्हणत. एकेकदा मला वाटे, या बाईचं या वेड्या माणसाशी पटतं तरी कसं?

मग काकाजींना दम लागायला लागला. आधी शेतातून येताना, मग गोठ्यातून येताना, मग नुसतं बसल्या जागी बोलताना. वाक्याच्या मध्ये थांबू लागले, आणि काकाजी वाक्याच्या मध्ये थांबतात हे बघून मोहल्ला घाबरला. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हृदयाची झडप कडक झाली आहे, नीट उघडतच नाही. नागपूरला जा, बदलून घ्या. उशीर करू नका.

काकाजी म्हणाले, "आता धान कापनीले आला. मंग पाहू."

त्या संध्याकाळी काकू प्रथमच जिना चढून माझ्या खोलीत आल्या. बसल्या नाहीत. उभ्यानेच म्हणाल्या, "मॅडम, तुमी शाळेत हे शिकवता ना, काळीज गिळीज? त्याईले समजावून सांगा. मायं आयकत नाई. मले ते पायजे." एवढंच. आणि खाली निघून गेल्या. मी वही मिटली आणि त्यांच्यामागोमाग काकाजींना समजवायला खाली उतरले.

तर नागपूरला आम्ही तिघं गेलो. मोठ्या डॉक्टरांनी कागदावर हृदय काढून दाखवलं. चार कप्पे पाहून काकाजी म्हणाले, "चार खोल्या? मायाकडे तीनच हायेत, त्यातली एक मॅडमले देल्ली." डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी सांगितलं, एक झडप धातूची असते, टिकते भरपूर, पण रक्त पातळ करायची गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि पालेभाज्यासुद्धा जपून खाव्या लागतात.

"धातू कोनता? आपल्या भंडाऱ्याच्या भांड्याईचं पितळ असन तं बोला."

नव्हतं. धातू रद्द झाला.

दुसरी झडप जनावराच्या ऊतीपासून केलेली, डॉक्टर म्हणाले. काही डुकराच्या असतात.

हे ऐकून काकाजी उठून उभेच राहिले. "डुक्कर! जिंदगीभर धानातून रानडुकरं हाकलली म्या. रातरात डबे वाजवले. अन् आता त्यालेच छातीत बसवू? तो आतून धान मांगन!"

डॉक्टरांनी मोठ्या धीराने तिसरी सांगितली. ही नवीन पद्धतीची, परदेशात तयार झालेली. गुरांच्या हृदयाभोवती एक पातळ, चिवट आवरण असतं. ते घेऊन त्यातल्या जनावराच्या पेशी धुऊन काढतात. उरते नुसती जाळी. तिची झडप शिवतात. मग हळूहळू आपल्याच शरीरातल्या पेशी त्या जाळीवर वस्तीला येतील, अशी आशा असते.

काकाजींनी माझ्याकडे पाहिलं. माझ्यातली विज्ञानाची शिक्षिका जागी झाली. मी म्हटलं, "काकाजी, वाळलेलं घोसाळं असतं ना, ज्याने तुम्ही थोरल्यांना घासता? आतला गर जातो, बिया जातात, जाळी तेवढी राहते. तसं."

"म्हंजे घर बैलाचं," काकाजी सावकाश म्हणाले, "धुऊन-पुसून रिकामं केलेलं. अन् राहाले जानार आपन. म्हंजे मी किरायेदार!"

ही कल्पना त्यांना एवढी आवडली की ते खुर्चीत बसून खो-खो हसायला लागले, हसता हसता दम लागला, ओठ निळे पडले आणि नर्सला ऑक्सिजन आणावा लागला. मुखवट्यातूनही त्यांनी विचारलं, "गाय की बैल?"

बाहेर रांग ताटकळत होती. डॉक्टर म्हणाले, "बैल."

आता सगळं जुळलं असं आम्हाला वाटलं. पण काकाजींचा चेहरा पडला. मुखवटा काढून म्हणाले, "नाई जमत. त्यानं जीव देल्ला. आपन त्याले काय देल्लं? वाटी आली, तं रिकामी कशी धाडू?"

"जनावर गेलं हो केव्हाच," डॉक्टर म्हणाले. "आता काय देणार त्याला?"

"तेरवी," काकाजी म्हणाले. "त्याची तेरवी करीन म्या. तेराव्या दिवशी गाव जेवू घालीन. हे कबूल असन तं फाडा छाती, नाई तं चाललो मी. थोरले सकाळपासून उपाशी हायेत."

डॉक्टरांना हे थोरले म्हणजे भाऊ वाटले असावेत, त्यांनी सहानुभूतीने मान हलवली. मी काकूंकडे पाहिलं. त्या इतका वेळ पदराचं टोक पिळत बसल्या होत्या. म्हणाल्या, "डाक्टरसाहेब, बैलाची बसवा, हत्तीची बसवा, कोनाचीबी बसवा." मग काकाजींकडे वळल्या. "अन् तुमी आयका. पयले सोताची तेरवी टाळा, मंग त्याची करा. येडेपना नुसता."

ऑपरेशनच्या आधी काकाजींनी आणखी एक उद्योग केला. काकूंचा मोबाईल घरी धानाच्या कोठीत लपवून ठेवला. "नाई तं हे फोनवर रडन, अन् अख्खं अड्याळ नागपूरले येऊन दवाखान्यात सैपाक करन." अड्याळ म्हणजे काकूंचं माहेर. तिथे त्यांचा धाकटा भाऊ होता. जावई नागपूरला छाती उघडायला गेला, एवढं त्याला कुणीतरी बाजारात सांगितलं होतं. पुढचं काही नाही.

ऑपरेशन झालं. झडप बसली आणि काकाजींच्या भाषेत बैल 'जुंपला'. शुद्धीवर आल्यावर त्यांचं पहिलं वाक्य होतं, "अवो, डावीकडे वढते का उजवीकडे, पाय बरं." काकू हसल्या नाहीत. त्यांनी फक्त त्यांच्या पायावर हात ठेवला आणि भेटीची वेळ संपली तरी काढला नाही.

काकाजी घरी आले ते तेरवीचं डोक्यात घेऊनच. बैल नेमका कधी मेला कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून त्यांनी ऑपरेशनचाच दिवस धरला. "मायासाठी तो त्याच दिवशी गेला." मग बोळाच्या टोकाला सलून चालवणाऱ्या भाऊला बोलावून डोकं भादरून घेतलं. इथवर ठीक होतं. पण त्या झुपकेदार मिशाही काढल्या! मिशा आई-बाप गेल्यावर काढतात.

"जीव देल्ला म्हंजे बापच ना!" काकाजी म्हणाले.

काकू त्या गुळगुळीत तोंडाकडे बघून आत गेल्या आणि दिवसभर 'हं'सुद्धा म्हणाल्या नाहीत. मरता मरता वाचलेल्या माणसाने हे असं अभद्र का करावं, हे त्यांना कळत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही नव्हतं.

फोटोशिवाय तेरवी कशी होणार? परदेशी बैलाचा फोटो मी इंटरनेटवरून शोधून झेरॉक्सच्या दुकानात छापून आणला. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा, तोंडावर थोडा उर्मटपणा असलेला बैल. दुकानदाराने तितक्याच गंभीरपणे विचारलं, "खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकू का, मॅडम?" मी म्हटलं, टाका. काय करणार, आता मीही त्या घरचीच झाले होते.

आमंत्रणाचं काम सलूनवाल्या भाऊकडेच होतं. मयताचा आणि तेरवीचा सांगावा गावोगाव न्यायचा मान पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या घरचा. माणूस अतिशय कमी बोलणारा. तो अड्याळला गेला, काकूंच्या भावाच्या दारात उभा राहिला, म्हणाला, "काकाजीच्या घरी बुधवारी तेरवी हाये. या." आणि निघून आला. कुणाची, ते त्याने सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. पुढे मी त्याच्यावर चिडले तेव्हा त्याने मला शांतपणे विचारलं, "मॅडम, तेरवीचा सांगावा आल्यावर कोनी 'कोन मेलं' म्हनून विचारते का?"

बुधवारी अंगणात मांडव पडला. वरण, भात, वांग्याची भाजी, पुऱ्या, बुंदी. खुर्चीवर हार घातलेला बैल, पुढे पानावर सरकीची ढेप आणि हिरवा चारा. मोहल्ल्यातली मंडळी तोंडाला रुमाल लावून हसत होती, पण जेवायला सगळी हजर होती. डॉक्टरांनी काकाजींना दगदग करू नका म्हणून बजावलेलं, तेव्हा मी त्यांना आतल्या खोलीत बाजेवर बसवून दाराशी पहारा देत होते. छातीशी उशी धरलेली. हसू किंवा खोकला आला की टाके ओढतात, म्हणून ती उशी दवाखान्यातून दिली होती.

इतक्यात बोळाच्या तोंडाशी एक छोटा टेम्पो थांबला आणि एकदम दहा बायकांनी गळा काढला.

"कुठं गेले वोऽऽ भाऊजीऽऽ! माया नंदेले टाकून कुठं गेले वोऽऽ!"

अख्खं अड्याळ आलं होतं. पुढे काकूंचा भाऊ, काखेत एक बोचकं, डोळे रडून लाल. मांडवातल्या लोकांच्या हातातल्या पुऱ्या तशाच राहिल्या. मी दार उघडून धावणार, तोच काकाजींनी माझी ओढणी धरली.

"थांब मॅडम! आयकू दे!"

"काकाजी, ते तुम्हाला रडतायत!"

"म्हनून तं! सोताच्या मयतीचं कोनाले आयकाले भेटते?"

डोळे असे चमकत होते की काय सांगू. बाहेर बायका एकेक गुण काढून रडत होत्या आणि आत काकाजी उशी आवळून आनंदाने डोलत होते. जन्मभर ज्याने त्यांना 'येडा जवाई' म्हटलं तो साळा मांडवाच्या खांबाला धरून म्हणत होता, "देवमानूस होता! लाखात एक! अन् आमाले मातीलेबी नाई बोलावलं!"

"आयकलं?" काकाजी माझ्या कानाशी, "लाखात एक!"

"कोनाचं मन नाई दुखावलं!" एक बाई.

"बराबर," काकाजी.

"कधी खोटं नाई बोलला!"

इथे मात्र काकाजींना राहवलं नाही. आतूनच ओरडले, "बोललो हाओ! लय डाव बोललो!"

रडणं कापल्यासारखं थांबलं. दोन बायका टेम्पोकडे पळाल्या. एक म्हातारी राम राम म्हणत खाली बसली. दार उघडून काकाजी उंबऱ्यात आले: गुळगुळीत डोकं, मिशा नाहीत, पांढरा सदरा, छातीशी उशी. खरं तर त्यांच्यापेक्षा भुतंही बरी दिसत असतील.

"माती झालीच नाई तं बोलावू कोनाले?" ते साळ्याला म्हणाले. "बैल मेला, बाबू. मी हाये. ये, जेव."

मग जो हशा उसळला! आचारी झारा टाकून हसला, म्हातारी हसली, पळालेल्या बायका परत येऊन एकमेकींच्या पाठीत बुक्के मारत हसल्या. साळा आधी काकाजींना मिठी मारायला धावला, मग टाके आठवून उशीलाच मिठी मारून हुंदके द्यायला लागला. त्या गडबडीत त्याच्या काखेतलं बोचकं खाली पडलं आणि सुटलं.

काकू इतका वेळ चुलीपाशी होत्या. त्या पुढे आल्या, वाकल्या आणि बोचक्यातलं लुगडं उचललं. पांढरं, कोरं, बिनकाठाचं. नवरा गेल्यावर तेरवीच्या दिवशी बाईला तिच्या माहेरचे आणतात ते.

हसणं एकेका कोपऱ्यातून विझत गेलं. काकूंचा भाऊ खाली बघू लागला. "बाई, मले का माहीत..." एवढंच तो म्हणू शकला.

काकाजींना आधी कळलंच नाही. "हे काय आनलं रे?" त्यांनी विचारलं.

"मायासाठी आनलं," काकू म्हणाल्या. त्यांनी ते लुगडं दोन्ही हातांवर धरलं होतं. "आज हे मले नेसवलं असतं. याच मांडवात."

काकाजींचा हात आपोआप छातीकडे गेला. इतके दिवस ते स्वतःचं मरण खेळण्यासारखं फिरवत होते, ते कुणाच्या अंगावर पडलं असतं हे त्यांना त्या कोऱ्या कापडाकडे बघून कळत होतं. उशी खाली पडली. ते उंबरा उतरून आले आणि सगळ्या गावासमोर, सोयऱ्यांसमोर, त्यांनी काकूंचा हात धरला.

"सोडा, लोक पाहून राहिले," काकू म्हणाल्या. पण हात सोडवून घेतला नाही. मग तो सुटला तेव्हा त्यांनी लुगड्याची कड दाताखाली धरली आणि ते टर्रकन मधोमध फाडलं. दोन्ही तुकडे आचाऱ्याकडे टाकले.

"भात निथळाले कापड मांगत होते ना? घ्या."

मग पदराने डोळे पुसून त्या हार घातलेल्या बैलाच्या फोटोसमोर गेल्या. त्या दिवसापर्यंत त्यांनी त्याच्याकडे नजर टाकली नव्हती. आता नीट पाहिलं आणि मला हाक मारली.

"मॅडम, त्या बैलाले आनखी एक ताट वाढा. मायाकडून."

मी वाढलं.